१०×५० ची दुर्बीण, चाळकेवाडीचं पठार आणि गुरूशेजारचा काळोख : तीन हिवाळे वापरून लिहितेय

आधीच सांगते, पक्षी बघायला किंवा मैदानावरची मॅच बघायला ही दुर्बीण कशी आहे ते मला माहीत नाही. मी ती फक्त रात्री वापरलीय आणि तीही जास्त करून एकाच गोष्टीसाठी, आकाशात एखादा ठळक ग्रह असतो ना, त्याच्या शेजारचा काळोख बघायला. ग्रह काय नुसत्या डोळ्यांनीपण दिसतो, गच्चीवरनं दिसतो, साताऱ्यात पोवई नाक्यावरनं चालत घरी येतानापण दिसतो. पण त्याच्या मागं जे काळे तेजोमेघ, म्हणजे मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारे वायू-धुळीचे ढग, पसरलेले असतात ते बघायला खरा अंधार लागतो आणि हातात आकाशाचा रुंद तुकडा दाखवणारी दुर्बीण लागते. हे मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर मी दोन वर्षं टेलिस्कोपसाठी पैसे साठवले नसते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

डिसेंबर २०२२ मध्ये घेतली, पुण्यातल्या एका दुकानातनं, साडेनऊ हजाराला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एकतर पहिला पीस खराब निघाला होता आणि त्यावरनं मला कुणाला नावं ठेवायची नाहीत, आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणारे ते कुठल्याही धड १०×५० पोरो दुर्बिणीला लागू आहे. पोरो म्हणजे ती जुन्या घाटाची, पुढच्या नळ्या लांब लांब आणि डोळ्याजवळच्या जवळ जवळ असतात ती. सरळ नळ्यांची स्लीम दुर्बीण दिसायला छान असते पण तेवढ्याच पैशात पोरोमधली काच सहसा सरस मिळते.

खराब म्हणजे काय, तर दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. दिवसा दुकानात कळलंच नाही. घरी येऊन रात्री गच्चीवरनं रोहिणीवर लावली तर एका रोहिणीच्या दोन रोहिण्या दिसायला लागल्या. डोळे ताणले की एक व्हायच्या पण पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. पुढच्या रविवारी परत स्वारगेटची एसटी धरली. दुकानदारानं वाद न घालता बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही, पण एक अख्खा दिवस गेला. त्यामुळं तुम्ही घेताना दुकानाच्या बाहेर येऊन लांबच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर लावून बघा, आधी एक डोळा मिटून, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवून, आणि चित्र एकच दिसतंय का आणि डोळा ओढल्यासारखा होतोय का ते बघा. ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपायच्या आत एक तरी रात्र ताऱ्यावर लावाच.

आता ते आकडे. १० म्हणजे दहा पट मोठं, ५० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास ५० मिलिमीटर. पन्नासला दहानं भागलं की पाच येतात, म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद असतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी, चाळिशी-पन्नाशीनंतर पाचच्या आसपासच येते, म्हणून आमच्यासारख्यांना ७×५० घेऊन त्यातला बराच प्रकाश वायाच जातो. माझ्या दुर्बिणीत एका वेळी साडेसहा अंश आकाश दिसतं. म्हणजे किती, तर तेरा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत मांडले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. हा आकडा बॉक्सवर लिहिलेला असतो आणि काळे तेजोमेघ बघायचे असतील तर पटीपेक्षा याच आकड्याकडं बघा. छोट्या टेलिस्कोपमधनं जेमतेम एक अंश दिसतो, आणि हे ढग कित्येक अंश पसरलेले आहेत, त्यामुळं टेलिस्कोप लावला की तुम्ही थेट ढगाच्या पोटातच जाता, कडा कुठंच दिसत नाहीत आणि कडा दिसल्या नाहीत तर काळं काय आणि काय नाही हे कळणार कसं.

तर पहिली रात्र. २१ जानेवारी २०२३, शनिवार आणि मौनी अमावस्या एकाच दिवशी, असा योग कॅलेंडरवर बघून मी महिनाभर आधी खूण करून ठेवली होती. मंगळ त्याच्या आधी ८ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला होता, मग वक्री चालत चालत १२ जानेवारीला परत मार्गी वळला, आणि वळताना कुठलाही ग्रह काही दिवस जवळजवळ एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. मंगळ थांबला होता वृषभ राशीत, कृत्तिका, रोहिणी आणि तो असा मोठा त्रिकोण. आणि वृषभेतला हाच तो भाग, जिथं काळे ढग पसरलेत.

माझं माहेर परळी खोऱ्यात. संध्याकाळी ह्यांनी गाडी काढली, बोगद्यातनं बाहेर पडून आधी माहेरी गेलो, तिथनं आप्पांना घेतलं. आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे, सगळी हयात शेतीत गेली, रोहिणी निघाली, मृग निघाला, आर्द्रा कोरडी गेली ही त्यांची रोजची भाषा, तारे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ओळखता येतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवसेचं रातचं कुटं नेतीस गं त्यास्नी," तर आप्पाच म्हणाले, "अवसेबिगर चांदण्या दिसायच्या न्हाईत." आईनं भाकरी-ठेचा बांधून दिला आणि आम्ही सज्जनगडाचा फाटा मागं टाकून ठोसेघरवरनं चाळकेवाडीच्या पठारावर चढलो.

ज्यांनी हे पठार फक्त दिवसा, पवनचक्क्यांचे फोटो काढायला बघितलंय त्यांनी एकदा रात्री बघा. पूर्वेला खाली हायवेचा आणि साताऱ्याचा उजेड क्षितिजाला चिकटलेला असतो, पण पश्चिमेला कोयनेचं जंगल, तिकडं सगळा काळोख, आणि डोक्यावरचं आकाश जानेवारीत इतकं स्वच्छ असतं की पहिली दहा मिनिटं आपली ओळखीची नक्षत्रंच सापडत नाहीत, ताऱ्यांची एवढी गर्दी होते. वारा मात्र भयंकर. गाडीच्या आडोशाला घोंगडं अंथरलं आणि तिघंही उताणे झोपलो, कारण आपल्या साताऱ्यातनं वृषभ रास जवळजवळ डोक्यावरनंच जाते, त्या दिवशी मंगळ पावणेनऊ-नऊच्या सुमाराला मधोमध माथ्यावर होता. उभं राहून बघायला गेलात तर मान मोडते, ट्रायपॉडचा तर काहीच उपयोग नाही. झोपायचं, दोन्ही कोपरं छातीच्या बाजूला टेकवायची आणि दुर्बीण डोळ्यांवर नुसती ठेवून द्यायची. एवढं केलं की ९०० ग्रॅमचं वजनपण जाणवत नाही.

पहिल्यांदा लावली तेव्हा काय दिसलं, तर केशरी मंगळ, चारी बाजूला तारे, आणि बास. मला वाटलं साडेनऊ हजार पाण्यात गेले. ह्यांनी वेळ बघायला मोबाइल काढला त्याच्या उजेडानं परत सगळं घालवलं. मग ठरवलं की अर्धा तास कुणीही कुठलाच दिवा लावायचा नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं खरंच लागतात आणि एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की ती सगळी मेहनत वाया, परत पहिल्यापासनं. अर्ध्या तासानं परत लावली, मंगळ मधोमध न ठेवता पश्चिमेच्या कडेला सरकवला, आणि पूर्वेकडं हळूहळू सरकत गेले. बारीक बारीक ताऱ्यांची रांगोळी होती, दाट, आणि मग एका जागी ती रांगोळी संपली. कुणीतरी बोटानं पुसल्यासारखी. पुढं परत तारे सुरू. मी चार वेळा मागं पुढं केलं, चारही वेळा त्याच जागी संपली.

आप्पांना मी काहीच सांगितलं नाही, फक्त दुर्बीण दिली आणि म्हणलं, मंगळाच्या डाव्या-उजव्या अंगाला फिरवून बघा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, हिकडं चांदण्या दाट हायत्या आन मदीच कायबी न्हाई बग. वरनं घोंगडं टाकल्यागत."

घोंगडं! मी अंगावर काटा आला म्हणते तो उगाच नाही. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलसारख्या माणसाला, ज्यानं युरेनस शोधला त्या माणसाला, अशा जागा म्हणजे आकाशाला पडलेली भोकं वाटली होती, म्हणजे तिथं तारेच नाहीत असं. तिथं तारे आहेत पण मधे काहीतरी आलंय, हे पटायला पुढं सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. आणि ते ज्यानं आयुष्य घालवून दाखवलं तो एडवर्ड एमर्सन बर्नार्ड, अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या गरीब घरातला मुलगा, नवव्या वर्षापासनं फोटो स्टुडिओत कामाला लागलेला. त्यानं आकाशगंगेचे तासन् तास कॅमेरा उघडा ठेवून फोटो काढले. १९०७ साली वृषभेतल्या याच काळ्या पट्ट्यांवर लेख लिहिला. त्यालापण सुरुवातीला भोकंच वाटत होती, सहजासहजी पटलं नाही. मग १९१३ च्या उन्हाळ्यात एका रात्री धनु राशीकडचा फोटो काढताना त्याला आपले साधे ढग दिसले, छोटे छोटे पुंजके, आणि आकाशगंगेच्या उजळ पट्ट्यावर ते शाईच्या डागांसारखे काळे दिसत होते, हुबेहूब त्याच्या फोटोतल्या काळ्या डागांसारखे. १९१९ मध्ये त्यानं १८२ काळ्या जागांची यादी छापली. अजूनही या ढगांना त्याच्याच नावाचे नंबर आहेत, बर्नार्ड ७, बर्नार्ड १८, बर्नार्ड २२, हे तिन्ही वृषभेतलेच. आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे याच माणसानं १८९२ मध्ये गुरूचा पाचवा चंद्र, अमाल्थिया, शोधला होता, फोटो न काढता, नुसता डोळा टेलिस्कोपला लावून. त्याच्यानंतर अशा पद्धतीनं कुणालाही कुठल्या ग्रहाचा चंद्र सापडला नाही. ठळक ग्रहाच्या झगमगाटाशेजारचं अंधुक काहीतरी बघायची नजरच होती त्याला.

तर ते घोंगडं कशाचं आहे, तर वायू आणि धुळीचं. धूळ म्हणजे आपल्या रस्त्यावरची नाही, धुरासारखी बारीक, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कण. ढग विरळच असतो, पण त्याची जाडी एवढी प्रचंड की मागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यात अडकतो, निळा जास्त अडकतो, तांबडा कमी. आतमधे कडाक्याची थंडी, शून्याखाली २६० अंशांच्या आसपास, आणि अशा थंड अंधाऱ्या ढगांमधेच नवे तारे जन्माला येतात. वृषभेतला हा ढग साधारण साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे, नवे तारे जन्मणाऱ्या ढगांमधे हा आपल्याला सगळ्यात जवळच्यांपैकी एक. म्हणजे त्याच्या कडेचा जो तारा आज दिसतोय त्याचा प्रकाश निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. आणि मंगळाचा प्रकाश पाच-सात मिनिटांपूर्वीचा. एकाच गोल चित्रात हे दोन्ही शेजारी शेजारी. ग्रह त्या ढगात नसतो, ढगाच्या जवळपास पण नसतो, तो आपल्या दारात आहे आणि ढग गावाच्याही पलीकडं. पण वाट दाखवायला त्याच्याइतका सोयीचा कुणी नाही. नुसतं वृषभेत रोहिणीच्या उत्तरेला शोधा असं सांगितलं तर नवीन माणूस हरवतो, मंगळ धरून दोन बोटं सरका म्हणलं की सापडतं.

पुढच्या हिवाळ्यात, २०२३-२४ ला, गुरू मेषेत होता, तिथं असं काही नाही, त्यामुळं दुर्बीण कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ बघण्यात गेली. ते सगळेच लिहितात म्हणून मी लिहीत नाही, छान दिसतात एवढंच.

खरी परीक्षा झाली तिसऱ्या हिवाळ्यात. ७ डिसेंबर २०२४ ला गुरू सूर्यासमोर आला आणि जानेवारी-फेब्रुवारीत रोहिणीच्या उत्तरेला पाचेक अंशांवर येऊन थांबला. २५ जानेवारी २०२५, शनिवार, चंद्र पहाटे उगवणार होता. या वेळी मुलगापण आला, आठवीतला. मला वाटलं होतं मंगळापेक्षा गुरू ठळक तर आणखी सोपं होईल. उलटं झालं. गुरू त्या वेळी २०२३ च्या त्या रात्रीच्या मंगळापेक्षा पाच-सहा पट तेजस्वी होता आणि दुर्बिणीत मधोमध आला की त्याच्याभोवतीचा सगळा भाग दुधाळ होतो, बारीक तारे जातात, म्हणजे काळं-पांढरं कळायचा आधारच जातो. या दुर्बिणीच्या काचांवर चांगलं कोटिंग आहे तरीपण गुरूभोवती काटे दिसतात, आणि गुरू अगदी कडेला नेला की समोरच्या बाजूला एक फिकट भुताटकी डाग येतो. हा दोष आहे आणि किमतीच्या मानानं मी तो चालवून घेते, पण लिहायलाच पाहिजे.

यावर उपाय एकच, गुरू चित्राच्या जरा बाहेर ठेवायचा. आधी गुरू आणि रोहिणी दोन्ही एका चित्रात बसवायचे, साडेसहा अंशात ते मावतात. मग रोहिणीकडनं गुरूकडं जी दिशा आहे त्याच दिशेनं पुढं, उत्तरेला, सरकायचं, गुरू कडेवरनं बाहेर पडला की थांबायचं. आता जिथं आहात तिथंच बर्नार्ड १८ आणि त्याच्या पुढं बाकीचे पट्टे सुरू होतात. थेट टक लावून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा आणि दुर्बीण किंचित हलवत राहा, हलणाऱ्या चित्रात डोळ्याला फिकट फरक पटकन कळतो.

मुलगा म्हणाला, "आई, काळं दिसतंय म्हणजे नक्की काय दिसतंय?" चांगला प्रश्न आहे आणि बऱ्याच मोठ्या माणसांनीपण मला तोच विचारलाय. फोटोत हे ढग तपकिरी, जाडजूड, धुराच्या लोटासारखे दिसतात, ते तासन् तास कॅमेऱ्यानं गोळा केलेल्या प्रकाशाचं काम आहे. डोळ्याला तसं अजिबात दिसत नाही. डोळ्याला दिसतं ते तारे असणं आणि नसणं. मी त्याला म्हणलं, मोज. त्यानं एका बाजूला चाळीसच्या वर गेल्यावर मोजायचं सोडलं आणि सरकून काळ्या पट्ट्यात मोजले तर सात भरले. मग स्वतःच परत मागं गेला, परत मोजले, आणि त्यानंतर तासभर दुर्बीण कुणाला मिळाली नाही. गुरूचे चंद्रपण त्यानंच पहिल्यांदा बघितले, कोपर टेकलेलं असलं तर गुरूच्या दोन्ही अंगांना एका ओळीत ठिपके दिसतात, कधी दोन, कधी चार. पट्टे दिसत नाहीत. शनीची कडीपण दहा पटीत दिसत नाही, शनी जरा लांबट वाटतो एवढंच, कडी बघायला ही दुर्बीण घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मी आता सगळ्यांना सांगते, सुरुवात वृषभेपासनं करू नका. वृषभेतले ढग अवघड आहेत कारण त्यांच्या मागं उजळ काही नाही, फक्त विरळ तारे आहेत. सोपं बघायचं असेल तर मे महिन्याची अमावस्या धरा. २० मे २०२३ ला, शाळेला सुट्टी होती, माहेरच्या अंगणातनं रात्री दीड-दोनला दक्षिणेकडं बघितलं. ज्येष्ठा तांबडी, तिच्या पूर्वेला वृश्चिकाची शेपटी आणि धनु यांच्या वरच्या अंगाला आकाशगंगा दुधासारखी सांडलेली, आणि त्या दुधात एक काळा पाइप. ओढायचा पाइप असतो ना, दांडी आणि वाटी, तसाच, सात-आठ अंश लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इथनं तो क्षितिजावर पंचेचाळीस अंश वर येतो, युरोपातल्या लोकांना तो क्षितिजाला घासून जाताना दिसतो, आपलं नशीब मोठं आहे. दुर्बिणीतनं तर दांडीच्या कडा चिरल्यासारख्या स्पष्ट दिसतात. तिथं ट्रायपॉडपण चालतो, त्यासाठी एल आकाराचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागला, सहाशे रुपये.

आणि याच पाइपच्या जरा वर, २०१९ च्या उन्हाळ्यात, गुरू होता. १० जून २०१९ ला सूर्यासमोर आला होता. मी तो बघितलाय, गच्चीवरनं, रोज रात्री, ज्येष्ठेच्या डावीकडं एवढा मोठा ठिपका, आणि त्याच्या खाली काय आहे हे मला माहीतच नव्हतं. साताऱ्याच्या गच्चीवरनं तो काळा पाइप दिसतच नाही, कारण आकाशगंगाच दिसत नाही. पांढऱ्यावर काळं दिसतं, करड्यावर नाही. नंतर पावसाळा आला. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, म्हणजे परत तो त्या जागी २०३१ च्या उन्हाळ्यात येणार. त्याच्या आधी, २०३० च्या आसपास, शनी वृषभेत येईल, तो गुरूइतका भगभगीत नाही, त्यामुळं ढगांसाठी तोच जास्त बरा पडेल असं मला वाटतं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तवर ऱ्हातो की." 

आता पावसाळ्याचं. आपल्याकडं दुर्बीण खराब होते ती वापरून नाही तर जून ते सप्टेंबर कपाटात ठेवून. आमच्या शाळेतल्या एका सरांची चांगली महागडी दुर्बीण होती, चामड्याच्या केसमधे ठेवलेली, दिवाळीत काढली तर काचेवर आतनं कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती निघता निघत नाही. मी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते, पुड्या ओल्या झाल्या की बदलते, आणि महिन्यातनं एकदा ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून हवा देते. तीन पावसाळे झाले, काच स्वच्छ आहे. सोबत आलेली कापडी पिशवी फक्त धूळ अडवायला आहे, तिच्यावर विसंबू नका.

दव हा दुसरा त्रास. जानेवारीत अकरानंतर पठारावर पुढच्या काचांवर दव धरतं आणि तारे फुगायला लागतात. पुसायचं नाही, ओरखडे पडतात. जाड काळ्या कागदाच्या नळ्या करून पुढं बसवल्या तर तासभर तरी जास्त मिळतो. मागच्या रबरी वाट्या चष्मेवाल्यांनी दुमडून घ्या, पण खरं सांगायचं तर चष्मा लावून पूर्ण साडेसहा अंश दिसत नाही, कडा कापल्या जातात. ह्यांना लांबचा नंबर आहे, ते चष्मा काढून मधल्या चाकानं फोकस करतात, चालतं. जास्त सिलिंडर नंबर असेल तर मात्र घेण्याआधी नक्की बघा.

उजेडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. यवतेश्वर घाट चढून कासकडं जाताना पूर्वी अर्ध्या वाटेत गाडी थांबवली तरी आकाशगंगा दिसायची, आता जागोजाग एवढे फ्लडलाइट लागलेत की डोंगरावर उजेड मारून कुणाला काय दाखवायचंय ते कळत नाही. आम्ही मागं एका मुक्कामाच्या जागी राहिलो होतो, जाहिरातीत चांदण्यांचं आकाश लिहिलेलं आणि अंगणात रात्रभर पांढरा एलईडी. आम्ही जाऊन विनंती केली तर त्यांनी दोन तास बंद केला, तेवढ्यात बाकीच्या खोल्यांतले लोकपण बाहेर आले आणि मला पाच वेळा दुर्बीण फिरवावी लागली. म्हणजे लोकांना बघायचं असतं. दिवे खाली तोंड करून लावले, पिवळे लावले, तरी केवढा फरक पडेल. तुम्ही अशा ठिकाणी राहायला गेलात तर विचारा, मागा, त्याशिवाय त्यांनापण कळणार नाही की कुणाला अंधार हवा असतो.

चाळकेवाडीला जाणार असाल तर एकटे जाऊ नका, चार माणसं, एक तरी तिथला माहितीचा माणूस, गाडीपासनं लांब जायचं नाही, बिबट्याचा भाग आहे. टॉर्चवर लाल पारदर्शक कागद दोन घड्या करून रबरबँडनं बांधा. कानटोपी आणि घोंगडं हे दुर्बिणीइतकंच महत्त्वाचं सामान आहे, सतरंजीतनं खालचा गारवा वर येतो.

कुणी घ्यावी, तर ज्याच्याकडं अंधार आहे त्यानं डोळे झाकून घ्यावी. तुमचं गाव पाटण, जावळी, परळी, बामणोलीकडं असेल, महिन्यातनं एकदा जाणं होत असेल, तर नऊ-दहा हजारात याच्यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. फक्त शहरातल्या गच्चीवरनं बघणार असाल तर हे काळे ढग विसरा, त्यासाठी पंचवीस हजाराची घेतलीत तरी दिसणार नाहीत, चंद्र आणि गुरूचे चंद्र यावर समाधान मानावं लागेल. आणि १५×७०, २०×८० वगैरे बघून भुलू नका, त्या हातात धरवत नाहीत, माथ्यावरचं तर त्यांच्यातनं बघताच येत नाही आणि चित्रपण अरुंद होतं.

एक राहिलंच. पुढच्या काचांच्या टोप्या फार सैल आहेत, नुसत्या बसवलेल्या, दोरी नाही. घेतल्या दिवशीच बारीक भोक पाडून नायलॉनच्या दोऱ्यानं पट्ट्याला बांधून टाका. माझी एक चाळकेवाडीच्या गवतात अंधारात पडली, सकाळी जाऊनपण सापडली नाही, आता तिच्या जागी पेढ्याच्या छोट्या डब्याचं झाकण बसवलंय आणि ते कंपनीच्या टोपीपेक्षा घट्ट बसतंय.